मिठाच्या गुळण्या, तुरटी, टंकणखार: घसा निवतो, पण दुखणे जाते का?

फेब्रुवारी लागला की वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरीच्या शिवारात हळदीची धांदल सुरू होते. कंद काढायचे, शिजवायचे, उन्हात वाळवायचे आणि मग ढोलात फिरवून पॉलिश करायचे. या शेवटच्या कामात उडणारा पिवळा धुराळा अंगावर, केसांवर बसतो आणि नाका-तोंडावाटे घशातही जातो. पुढे हळद हिंगोलीच्या मार्केट यार्डात येते, तेव्हा पोती भरणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालांचीही तीच गत होते. संध्याकाळपर्यंत घसा खवखवू लागतो, आवाज बसतो. त्यातच पहाटेचा गारवा आणि दुपारचे कडक ऊन असे विषम हवामान. घराघरांत सर्दी-खोकला असतो आणि घराघरांत एकच वाक्य ऐकू येते, ‘मिठाच्या पाण्याने गुळण्या कर.’

मिठाच्या जोडीला तुरटी असते. काही घरांत टंकणखाराची पुडीही असते. कुणी खाण्याचा सोडा सांगतो, कुणी सैंधव. हे सगळे जमिनीतून, पाण्यातून मिळालेले क्षार आणि खनिजे आहेत. आपल्याकडे गुळण्यांची परंपराही जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. तोंडात खळखळवता येईल इतकेच औषध घ्यायचे तो ‘कवल’ आणि हलवताही येणार नाही इतके तोंड भरून धरून ठेवायचे तो ‘गंडूष’.

या उपायांपैकी कोणता खरोखर उपयोगी, कोणता निरुपद्रवी आणि कोणता टाळावा? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, गुळण्या कधीपर्यंत करत राहायच्या आणि दवाखान्यात कधी जायचे?

मीठ: साधे आणि खरे

घसा दुखतो तेव्हा आतले अस्तर सुजलेले असते. तिथल्या पेशींत आणि त्यांच्या आजूबाजूला पाणी साठते, वर चिकट स्राव जमतो. आपल्या शरीरातल्या द्रवाचा खारटपणा सुमारे ०.९ टक्के मिठाच्या पाण्याइतका, म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम असतो. त्याहून थोडे जास्त खारट पाणी घशाला लागले, की सुजलेल्या अस्तरातले थोडे पाणी बाहेर ओढले जाते. लोणच्याच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तोच हा प्रकार. सूज किंचित उतरते, चिकट स्राव सैल होऊन धुतला जातो, धूळ निघून जाते. पाणी कोमट असल्यामुळे वेदनाही कमी जाणवते.

प्रमाण सोपे आहे. एका ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा, म्हणजे साधारण तीन ग्रॅम मीठ. चमचा चहाचा आणि सपाट भरलेला हवा. मान मागे करून पाणी घशाशी अर्धा-एक मिनिट खळखळवायचे आणि थुंकायचे. असे दिवसातून तीन-चार वेळा. जास्त मीठ टाकले म्हणजे जास्त गुण येतो असे नाही. उलट घसा कोरडा पडतो आणि आग होते. रक्तदाबाच्या रुग्णांनीही गुळण्या करायला हरकत नाही, मात्र पाणी गिळायचे नाही. सहा वर्षांखालील मुलांना नीट गुळणी जमत नाही. ती पाणी गिळतात किंवा त्यांना ठसका लागतो. त्यांना कोमट पाणी, वरणाचे पाणी घोट-घोट पाजणे बरे.

याला आधार काय? जपानमध्ये गुळण्यांची सवय घरोघरी आहे. तिथल्या क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी ३८७ निरोगी माणसांवर ६० दिवस केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. दिवसातून तीनदा नुसत्या साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांत सर्दी-पडशाचे प्रमाण गुळण्या न करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी आढळले. आयोडीनच्या औषधी गुळण्या करणाऱ्यांना मात्र तसा फायदा दिसला नाही. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा येथे ६६ प्रौढांवर झालेल्या एका लहान चाचणीत सर्दी झाल्यावर मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि गुळण्या करणे असे दोन्ही करून पाहिले. त्यांचा आजार सरासरी जवळजवळ दोन दिवस आधी आटोपला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. हे अभ्यास छोटे आहेत आणि ते मुख्यतः साध्या, विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीबद्दल आहेत. तरीही आजीचा सल्ला निराधार नव्हता, एवढे त्यांवरून नक्की म्हणता येते.

मिठाच्या मर्यादाही समजून घ्यायला हव्यात. गुळणीचे पाणी तोंडाच्या मागच्या भागापर्यंत आणि टॉन्सिलच्या दर्शनी बाजूपर्यंत पोहोचते. स्वरयंत्र त्याच्या खाली असते. त्यामुळे नरसी नामदेवच्या एखाद्या कीर्तनात रात्रभर गाऊन बसलेला आवाज गुळणीने सुटत नाही. त्यावर उपाय म्हणजे पाणी पिणे, वाफ घेणे आणि गप्प बसणे. टॉन्सिलच्या खाचांत खोलवर दडलेले जिवाणूही या पाण्याने मरत नाहीत. हा मुद्दा पुढे कामी येणार आहे.

सैंधव, सोडा आणि लोणारचा खार

‘आयोडीनवाले मीठ नको, सैंधवच घे,’ असा सल्ला हल्ली बऱ्याचदा ऐकू येतो. सैंधव म्हणजे सिंधूच्या प्रदेशातले मीठ. आजही ते प्रामुख्याने पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणींतून निघते. त्याची गुलाबी छटा लोहाच्या अंशामुळे येते. पण सैंधव काय नि साधे मीठ काय, दोन्हींत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. गुळणीसाठी दोन्ही सारखीच. जेवणात मात्र आयोडीनयुक्त मीठच ठेवावे. आयोडीन कमी पडले तर घशाच्या बाहेरच्या बाजूला गलगंडाची गाठ येऊ शकते.

चिकट कफ असेल तर मिठाच्या पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा टाकता येतो. तो सौम्य असतो आणि स्राव पातळ करायला मदत करतो. कर्करोगाच्या उपचारांमुळे तोंड आलेल्या रुग्णांनाही मीठ-सोड्याच्या पाण्याने तोंड धुवायला सांगतात.

पण प्रत्येक ‘खार’ म्हणजे खाण्याचा सोडा नव्हे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर आपल्याला लांब नाही. उल्कापातातून झालेल्या त्या विवरातले पाणी खारट तर आहेच, शिवाय अतिशय अल्कधर्मी आहे. ‘आइन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख काच आणि साबणाला लागणाऱ्या पदार्थांसाठी येतो. तिथल्या क्षारांत धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, भरपूर असतो. तो कपड्यांचा मळ काढतो, पण घशाचे नाजूक अस्तर भाजतो. सरोवराचे पाणी किंवा धुण्याचा सोडा घशासाठी वापरू नये. डब्यावर ‘खाण्याचा सोडा’ लिहिलेले असेल तेवढेच घ्यावे.

तुरटी: नावातच गुण

तुरटी चाटली की तोंड आकसते. तिच्या गुणाचे मर्म त्या आकसण्यातच आहे. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचा क्षार. ती प्रथिनांना गोठवते. दाढी करताना कापले की न्हावी तुरटीचा खडा फिरवतो आणि रक्त थांबते, ते याच गुणामुळे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ खाली बसतो, त्यामागेही असाच एक गुण आहे, बारीक कण एकत्र आणण्याचा. घशाच्या सुजलेल्या अस्तरावर तुरटीचा पातळ थर बसतो, स्राव कमी होतो आणि काही काळ टोचणी थांबते. बाभळीची साल किंवा डाळिंबाची साल उकळून केलेल्या काढ्याच्या गुळण्यांचा परिणामही याच जातीचा असतो.

प्रौढांनी ग्लासभर पाण्यात चिमूटभर तुरटी विरघळवून दिवसातून एक-दोनदा गुळणी केली तर सहसा अपाय होत नाही. पण मिठाच्या गुळण्यांना जेवढा अभ्यासाचा आधार आहे, तेवढा तुरटीला नाही. ती गिळू नये, तिचे प्रमाण वाढवू नये. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तिच्यापासून दूरच राहावे, कारण शरीरात गेलेले ॲल्युमिनियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे असते.

एक प्रथा मात्र पूर्णपणे सोडायला हवी. ‘पडजीभ उतरली’ म्हणून लहान मुलाच्या घशात बोट घालून तुरटीची किंवा मिठाची पूड लावतात. त्यात जखम होऊ शकते, पूड श्वासनलिकेत जाऊ शकते. घसा सुजला असताना असे बोट घालणे जिवावर बेतू शकते.

टंकणखार: इथे थांबा

टंकणखार म्हणजे बोरॅक्स. सोनाराच्या दुकानात डाग देताना धातू नीट जुळावा म्हणून तो वापरतात. पूर्वी तो तिबेट आणि लडाखच्या बाजूने यायचा. लडाखमधले पुगा खोरे त्यासाठी प्रसिद्ध आहे. युरोपातले व्यापारी या कच्च्या मालाला ‘टिंकल’ म्हणत. त्या शब्दाचे मूळ आपल्या ‘टंकणा’तच आहे. तव्यावर तापवला की त्यातले पाणी उडून तो फुलतो. त्याला टंकणखाराची लाही म्हणतात. ही लाही मधात कालवून मुलांच्या तोंडाला, जिभेला, घशाला लावण्याची पद्धत अनेक घरांत होती आणि काही घरांत अजूनही आहे. आयुर्वेदात शुद्ध केलेले टंकण वापरले जाते, पण ते मोजून, वैद्याच्या देखरेखीखाली. घरात बोटाच्या टोकाने घेतलेल्या पुडीला माप नसते.

टंकणखारातले बोरॉन पोटातून आणि सोललेल्या अस्तरातून रक्तात जाते. रोज थोडे थोडे दिले तर ते साठत जाते. १९८३ साली एका वैद्यकीय नियतकालिकात सात तान्ह्या बाळांची हकिगत प्रसिद्ध झाली होती. त्यांची चोखणी टंकणखार आणि मधाच्या मिश्रणात बुडवून दिली जात असे. त्या बाळांना झटके येऊ लागले. मिश्रण बंद केल्यावर झटके थांबले. शिवाय मधाचा वेगळा धोका आहेच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, कारण त्यातल्या काही जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला पक्षाघातासारखा गंभीर आजार होऊ शकतो.

खाद्यपदार्थ टिकावेत म्हणून त्यांत टंकणखार घालण्यास आपल्याकडे परवानगी नाही. तो पकडण्याची प्रयोगशाळेतली जुनी युक्ती हिंगोलीकरांना आवडेल अशी आहे. हळदीच्या अर्कात बुडवून वाळवलेला कागद आम्ल टाकलेल्या नमुन्यात भिजवून सुकवतात. टंकणखार असेल तर कागद लाल होतो आणि अमोनिया लावल्यावर तो लाल रंग हिरवट-काळा होतो. म्हणजे आपल्याच शिवारातली हळद या खाराची चुगली करते. एवढे सांगितल्यावर टंकणखाराबद्दलचा सल्ला एका ओळीत देता येतो. लहान मुलांना अजिबात नको, गरोदर स्त्रियांना नको आणि मोठ्यांनीही वैद्याने मोजून दिल्याशिवाय नको.

खनिजांच्या याच पंगतीत आयोडीनही बसते. एकोणिसाव्या शतकातले घशाचे डॉक्टर लुई मांडल यांच्या नावाचा आयोडीन, ग्लिसरीन आणि पेपरमिंटचा ‘पेंट’ कापसाच्या बोळ्याने घशाला लावून घेतल्याचे आजच्या आजी-आजोबांना आठवत असेल. आजही आयोडीनयुक्त गुळण्यांचे औषध दुकानात मिळते. थायरॉईडचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनी ते विचारूनच वापरावे.

घसा बरा झाला, पुढे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. ती पाच-सात दिवसांत आपोआप बरी होते. तिला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. तिथे मिठाच्या गुळण्या, विश्रांती, भरपूर पाणी आणि गरज पडल्यास पॅरासिटामॉल एवढे पुरते.

पण काही घसादुखी ‘स्ट्रेप्टोकोकस’ या जिवाणूमुळे होते. प्रौढांत तिचे प्रमाण शंभरात पाच ते पंधरा, तर मुलांत साधारण वीस ते तीस असते. गंमत अशी, की उपचार न करताही ही घसादुखी तीन ते पाच दिवसांत कमी होते. ताप उतरतो, मूल खेळायला लागते. घरात सगळ्यांना वाटते, गुळण्यांनी काम केले. जिवाणू मात्र टॉन्सिलमध्ये तसाच असतो आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्याशी लढत असते.

यातल्या थोड्या मुलांत दोन-तीन आठवड्यांनी ही लढाई भलतीकडे वळते. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर हल्ला करते. याला संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फिव्हर म्हणतात. गुडघा सुजतो, तो बरा होतो न होतो तोच घोटा सुजतो, मग मनगट. सांधे पुढे बरे होतात. हृदयाची झडप मात्र कायमची खराब होऊ शकते. मूल धापा टाकू लागते. पुढे कित्येक वर्षे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन आणि काहींच्या वाट्याला झडपेची शस्त्रक्रिया येते. मुलींच्या बाबतीत हा दोष कधी कधी थेट बाळंतपणातच उघड होतो. हा आजार ५ ते १५ वर्षे वयात जास्त दिसतो. दाटीवाटीच्या घरांत आणि एका खोलीत अनेक मुले झोपतात अशा ठिकाणी तो जास्त आढळतो.

दिलासा असा, की हे टाळता येते. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू केले तर संधिवाताचा ताप रोखता येतो. औषध महागडे नाही. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन यांसारखी जुनी, स्वस्त औषधेच त्यासाठी वापरतात. गोळ्या साधारण दहा दिवस घ्याव्या लागतात आणि तिसऱ्या दिवशी बरे वाटले तरी त्या मध्येच सोडायच्या नसतात. उरलेल्या गोळ्या ठेवून पुढच्या घसादुखीला देणे हेही चूकच.

मग ओळखायचे कसे? नाक वाहते आहे, खोकला आहे, डोळे लाल आहेत, आवाज बसला आहे, तर बहुधा विषाणू. हळदीच्या धुराळ्याने खवखवणाऱ्या घशाला ताप नसतो आणि दोन दिवस कामापासून दूर राहिले, तोंडाला ओला रुमाल किंवा मास्क बांधला की तो सुधारतो. पण अचानक सुरू झालेली तीव्र घसादुखी, ताप, गिळताना वेदना, जबड्याखाली दुखणाऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि खोकला अजिबात नाही, अशी लक्षणे मुलात दिसली तर गुळण्यांवर थांबू नये. मोबाइलचा दिवा लावून घसा पाहणे कोणत्याही आई-वडिलांना जमते. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे.

आणखी एका आजाराची आठवण ठेवायला हवी, तो म्हणजे घटसर्प. घशात राखाडी, चिकट पापुद्रा, मान सुजलेली, श्वास घ्यायला त्रास, असे असेल तर एक तासही घालवू नये. पापुद्रा खरवडून काढण्याचा प्रयत्न करू नये. घटसर्पाची लस बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळते. त्यानंतर दीड ते दोन वर्षे आणि पाच ते सहा वर्षे या वयात बूस्टर, तर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी लस असते. सरकारी केंद्रांत हे सगळे मोफत आहे. शाळा आणि अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत संधिवाताच्या तापातून होणारा हृदयविकारही आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

मोठ्यांसाठीही एक सूचना. तळहातावर चुना-तंबाखू मळणाऱ्या किंवा गुटखा खाणाऱ्या माणसाचा घसा तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, आवाज घोगराच राहिला असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर गुळण्या बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप वाढते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• ग्लासभर कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या. पाणी गिळू नका.

• तुरटी प्रौढांनीच, चिमूटभर, एक-दोन दिवस. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी टाळावी.

• टंकणखार मुलांना नको. एक वर्षाखालील बाळाला मधही नको.

• धुण्याचा सोडा, सरोवराचा खार घशाला लावू नये.

• मुलाला ताप आहे, घसा दुखतो आणि खोकला नाही, तर दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा.

• श्वास घ्यायला त्रास, लाळ गळणे, थुंकीही गिळता न येणे, तोंड न उघडणे, मान सुजणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

• घसादुखीनंतर महिनाभरात सांधे सुजले किंवा मूल धापा टाकू लागले, तर ‘मध्यंतरी घसा दुखला होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मिठाचा डबा स्वयंपाकघरात आहेच, त्याचा उपयोग जरूर करावा. फक्त मुलाचा घसा दुखायला लागेल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक खूण करावी. नऊ दिवस तिथूनच मोजायचे आहेत.